मोटर नसलेले वायपर

कुणी भुताखेतांचे किस्से रंगवून सांगायला लागलं की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी मी बाई. इथे लिहितेय ते नाइलाजाने... आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा किळस जास्त आली म्हणून.

आम्ही झाशीचे. बाबा रेल्वेत गार्ड होते, नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीला कंपनीचा रिकॉल आला — वायपरची मोटर तापून जळू शकते, फुकट बदलून देऊ. गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, संध्याकाळी परत मिळाली. "हो गया मैडम जी, एकदम ओके," तिथला माणूस हसत म्हणाला. मी वायपर लावून बघितले नाहीत. झाशीत थंडीत वायपर लावतं कोण? काचेवरची धूळ आम्ही फडक्यानेच पुसतो.

पुढच्याच आठवड्यात बाबांना घेऊन बरुआसागरला त्यांच्या मित्राकडे गेले होते. जेवणानंतर बाबांचा दमा उसळला, पंपाने भागेना. झाशीला हॉस्पिटलमध्ये नेणं भागच होतं. निघालो आणि अर्ध्या वाटेत पाऊस कोसळला. हिवाळी पावसाला इथे मावठ म्हणतात, पण हा भलताच. वायपरचा दांडा ओढला. काही नाही. परत ओढला... ढिम्म!

ट्रक चिखल उडवत चाललेले, काचेतून काही म्हणजे काही दिसेना. मागच्या सीटवर बाबांची घरघर. "थांबू नकोस गं, मनू," ते कसेबसे म्हणाले. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते, रडत होते, त्या सेंटरवाल्याला शिव्या घालत होते.

आणि वायपर हलले.

दांडा मी बंद करून ठेवला होता, शपथेवर सांगते. जराही आवाज न करता ते काच पुसत राहिले. ट्रकचा चिखल उडाला की भराभर, नाहीतर आपले संथ. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये शिरलो तेव्हा काचेच्या मधोमध थबकले. बाबांना लगेच ऑक्सिजन लावला. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, भुरभुर चालू असतानाच, मी तडक सेंटरवर गेले. त्याच माणसाने बॉनेट उघडलं. मोटरच्या जागी नुसता खड्डा, वायरींना टेप गुंडाळलेली.

"मोटर तो हमने निकाल ली थी। नई आई नहीं है न।"

"तो बताया क्यों नहीं?"

"आप पैनिक करतीं। और हमें रिकॉल क्लोज़ करना था, ऊपर से प्रेशर है।"

"लेकिन कल पूरे रास्ते चले हैं ये!"

त्याने वायपर बोटाने ढकलला. तो लुळा पडला. माणूस खांदे उडवून म्हणाला, "चल गए न? तो फिर शिकायत किस बात की?"

मागच्या टेबलावर काढलेल्या मोटरींचा ढीग होता. या कुणाच्या, म्हणून विचारलं.

"बाकी गाड़ियों की।"

"उनको बताया?"

तो मोबाईल बघायला लागला.

आमचे वायपर कशाने फिरले, कुणी फिरवले, मला आजही सांगता येत नाही. बाबा तर तो विषयच काढू देत नाहीत. पण त्या दिवशी मी सेंटरच्या गेटमध्ये आडवी उभी राहिले आणि बाहेर पडणारी पहिली गाडी थांबवली.

"भैया, एक बार वाइपर चलाके दिखाइए।"

त्याने हसत दांडा ओढला. काहीही हललं नाही.