बोरं लुटायला मुलं नाहीत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काल आमच्या सोसायटीत बोरं लुटायला एकही मूल उपलब्ध झालं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालच्या मुलाचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घालून स्वारी पाटावर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या. आता झुंबड उडायची, तर भोवती सगळे आम्ही गुडघेदुखीवाले! एक बोर घरंगळत माझ्या पायाशी आलं आणि तिथेच राहिलं. पोरगं टकामका बघत बसलं. त्याच्याशी भांडायलाही कुणी नव्हतं.

मग बटाटेवडे खाता खाता राष्ट्रचिंतन सुरू झालं. "हल्लीच्या मुलींना मुलं नकोतच. आम्ही सात भावंडं होतो!" तळमजल्यावरचे नाना गरजले. अंगणातला झोपाळा काढून तिथे स्वतःची गाडी लावणारे ते हेच. सात जणांना वाढवताना आईचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारल्याचं ऐकिवात नाही. "मृणाल, आता याला भावंड आण बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. देशासाठी दुसऱ्या कुणीतरी बाळंत व्हावं, यावर एवढं एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं.

जवळचं पाळणाघर बंद पडल्यापासून मृणालची नोकरी टांगणीला लागली आहे. हातातली बोरांची परात तिने खाली आदळली.

"आणते की, नाना! फक्त उद्या सकाळपासून या पहिल्याला जे सांभाळणार असतील, त्यांनी हात वर करा!"