पडीक तुकड्याकडे बघणारी जनावरं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नागपुरात सदरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. मशीनवर दिसतं ते खरं, बाकी मनाचे खेळ, हेच मानत आले. हे कुणाला पटावं म्हणून लिहीत नाहीये. तुमच्यापैकी कोणी असलं काही पाहिलं असेल तर सांगा... एवढ्यासाठीच.

आमचं शेत उमरेड रोडला, गावाच्या जरा बाहेर. पणजोबांपासून आमच्याकडे गवळाऊ गाई आणि शेळ्या. बोकड कटाईसाठीच वाढवायचे, त्यामुळे जनावराचं मरण घरात नवीन नव्हतं. बोकड गाडीत चढला की बाबा त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवायचे आणि पाठ वळवून चालू लागायचे. आई गेल्यावर बाबा आणि माझा मोठा भाऊ, दोघंच तिथे राहायचे. मी रविवारी जायची.

मागच्या उन्हाळ्यात कळपातली सगळ्यात जुनी शेळी चरायचं सोडून उभी राहिली. आमच्या कोठ्यासमोर, म्हणजे गोठ्यासमोर, एक पडीक तुकडा आहे. तिथे झाड नाही, विहीर नाही, कुणाला पुरल्या-जाळल्याचंही ऐकिवात नाही. ती तिकडे तोंड करून उभी. पाला पुढे धरला तर मान बाजूला काढून पुन्हा तिकडेच बघायची. पाण्यालाही तोंड लावेना. दोन-तीन दिवसांत गेली. मग दुसरी तशीच. मग तिची पिल्लं... मग गाई.

जनावरांचे डॉक्टर आले. पोस्टमार्टेम झालं, नमुने गेले, पाणी तपासलं, चाऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा तपासला. ते रिपोर्ट मी स्वतः पुन्हा पुन्हा वाचले. सगळं नॉर्मल.

शेवटी दादाने उरलेली जनावरं टेम्पोत भरून काटोलकडे मामाच्या वाडीत नेली. नागपूरच्या पार दुसऱ्या अंगाला. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"पाह्य वं," एवढंच म्हणाला आणि फोन फिरवला.

अनोळखी जागा, समोर हिरवा चारा, आणि सगळी जनावरं एकाच दिशेला तोंड करून उभी.

"कोणीकडे पाहून राहिल्या रे?"

"आपल्या घराकडे." त्याने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. "मरायचंच आहे त ह्यायले घरीच आणतो."

परत आणली. दुसऱ्या दिवशी बाबांनी खाट उचलली, त्या तुकड्यात नेऊन टाकली आणि जनावरांकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने एका गाईने मान खाली घातली आणि कुटारात तोंड खुपसलं. मग सगळ्याच खाऊ लागल्या. दादाचा फोन आला तेव्हा तो रडत होता की हसत होता, मला कळेना.

मी सुट्टी टाकून गेले. बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळून रणरणत्या उन्हात बसलेले.

"बाबा, काहून बसले इथं? आत चला."

"उठलो का खात नाहीत, बाई."

"पण इथं आहे तरी काय?"

"मले काय मालूम? मी मधात बसलो का त्यायले ते दिसत नसन."

"म्हणजे तुमच्या मागं काही आहे?"

त्यांनी दुपट्टा कपाळावर ओढला. मग म्हणाले, "मी मागं पाहत नाही."

आम्ही सगळं करून पाहिलं. मधे ताडपत्री बांधली... जनावरं उपाशी. दादा बसला, मी बसले... उपाशीच. बाबा बसले की खायची. दादाने त्यांच्यावर हिरवी जाळी ताणली, मी ओली फडकी ठेवत राहिले. पण आपलं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांचं वय झालेलं.

एका दुपारी ते खाटेवरच कलंडले. ऊन लागलं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न, "खाऊन राहिल्या का?"

"हो बाबा, सगळ्या खाऊन राहिल्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. त्यांच्या तेरवीपर्यंत कोठ्यात एक जनावर उरलं नाही. चार पिढ्यांचं गोधन... पाणी समोर असताना तहानेने गेलं.

तेरवीचे पाहुणे गेल्यावर मी त्या तुकड्यात जाऊन उभी राहिले, आणि बाबांनी जिकडे पाहिलं नव्हतं तिकडे पाहिलं. वाळलेलं गवत, तारेचं कुंपण, लांब रस्त्यावरचे ट्रक. ऊन उतरेपर्यंत थांबले. आवाज नाही, सावली नाही, अंगावर काटासुद्धा नाही. भीती वाटली असती तर निदान बाबा कशासाठी गेले ते कळलं असतं. आजवर कितीतरी जणांना विचारलं. डॉक्टरांना, जाणत्यांना, गावातल्या म्हाताऱ्यांना. अजूनही विचारतेच आहे.

त्या संध्याकाळी दादा मला न्यायला आला.

"दिसलं काही?"

"नाही."

"मलेही नाही दिसत."

मग त्याने आडवी पडलेली खाट सरळ केली आणि रिकाम्या कोठ्याकडे तोंड करून तिच्यावर बसला.

"चल ना दादा. आता कोणासाठी बसतो?"

"तू जाय," तो म्हणाला. "मी बसतो जराकसा."