दबलेला कापूस

बाळांनो, अकोल्याचं घर आवरून अमरावतीला तुमच्या काकाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा काय न्यायचं, काय टाकायचं हे मी भराभर ठरवलं. अडले फक्त माझ्या लग्नातल्या गादीपाशी. आमच्याकडे मुलीच्या गादीत बापाच्या शेतातलाच कापूस भरायचे. बाबांचं चांदूर रेल्वेजवळचं शेत केव्हाच विकलं गेलं; त्यातलं माझ्याजवळ एवढंच उरलं होतं. पलंगपेटीत सगळ्यात खाली राहून गादी फळीसारखी कडक झाली होती. काका म्हणाला, टाक आता, फोमची घेऊ.

त्याच आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर तिचा अभ्यास समजावला. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, तेव्हा हिस्टोन प्रथिनं म्हणजे डीएनएचा धागा गुंडाळायची नुसती रिळं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती म्हणाली, त्या प्रथिनांच्या शेपट्यांवर अ‍ॅसिटिल गट बसला की धाग्यावरची पकड सैल होते आणि तिथलं जनुक वाचलं जातं. गट निघाला की धागा पुन्हा आवळतो, जनुक गप्प होतं. मिथिल गटाचं मात्र जागेवर अवलंबून, कुठे उघडतो, कुठे मिटवतो. मी विचारलं, धाग्यात नवं काही भरतं का? नाही, म्हणाली, धागा तोच.

दुसऱ्या दिवशी मी गादी ऑटोत घालून जुन्या शहरात पिंजाऱ्याकडे नेली. माझ्या लहानपणी पिंजारी अंगणात यायचा. पिंजणाची तार दिवसभर घुमायची आणि संध्याकाळी आम्हा भावंडांचे केस म्हातारीसारखे पांढरे व्हायचे. आता मशीन आहे.

त्याने गादी उसवून चिमूटभर कापूस बोटांनी ओढून पाहिला.

"एवढं ओझं काहून ठेवलं बाई याच्यावर? मी बी असाच झालो असतो."

होईल का काही, एवढंच मी विचारलं.

"मेला नाई, दबला हाय. पाहू."

मशीनमधून अर्धा कापूस फुलून वर आला, पांढराशुभ्र नाही, पण हलका. उरलेल्याची भुकटी झाली. नवा मिसळू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. मग गादी लहान होईल, म्हणाला. होऊ दे म्हटलं.

थोरलीला सांगितलं, अर्धाच उघडला. ती म्हणाली, पेशीतही काही जागा जन्मभर मिटलेल्याच राहतात, आजी.

गादी एकाच माणसापुरती झाली आहे. तुम्ही आलात की पाळीपाळीने झोपा. इथे अमरावतीच्या पलंगपेटीत मी ती सगळ्यात वर ठेवली आहे.