पंखबाबांचा अंगठा

पंखबाबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण उभी हयात ज्यानं एकाच विमानाचे पंख जोडण्यात आणि डागडुजी करण्यात घालवली, त्याला कारखान्यानं दुसरं काय म्हणावं? विमान म्हणजे अजस्र मालवाहू धूड. अख्खं रेल्वेचं इंजिन पोटात घ्यायचं. तसं उडणारं जगात एकच होतं. लढाईत ते शेडमध्येच जळालं, तेव्हा पंखबाबांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, आणि मग लावला तो सगळ्यांवर खेकसतच.

मागच्या शेडमध्ये त्या विमानाचं धाकटं भावंड पडून होतं. अर्धवट राहिलेलं, नुसतं धड. जळालेल्या थोरल्याचे पंख तेवढे वरवर शाबूत दिसत होते. थोरल्याचे पंख धाकट्याला जोडता येतील का, एवढंच आता ठरायचं होतं. आले, तर दोन-तीन वर्षांत विमान उडणार. नाहीतर पंख नव्यानं करायचे, आणि त्यांचे साचेही आगीत गेलेले. पंखबाबांचं हृदय तेवढी उसंत देणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मुलगी त्याच कारखान्यात तपासनीस. तिनंच हट्टानं वडिलांना मदतीला आणलं होतं. धग लागलेला धातू दिसायला ठणठणीत असतो, पण मऊ पडलेला असतो. म्हणून जागोजागी काट्याची तबकडी असलेला चिमटा दाबून कडकपणा मोजायचा. इथली रीत अशी, की दाबणारा वेगळा आणि आकडा वाचणारा वेगळा. एकाच्या मनात काही काळंबेरं आलं तर दुसरा असावा. बाबांना आता अंधुक दिसायचं, तेव्हा दाबायचं त्यांनी आणि वाचायचं हिनं. दाबून झालं की उमटलेली खळगी किती खोल गेली, ते अंगठा फिरवून चाचपायची त्यांची जुनी खोड होती.

सकाळपासून आकडे चांगले येत होते. पंधराच्या वर गेला की पास. बाबा रंगात येऊन जावयाची फिरकी घेऊ लागले, ज्याला घरचा गळका नळ आवरत नाही. तिच्या जिवात जीव आला. मग पंखाच्या मुळाशी, जिथं सगळा भार पेलायचा त्या मुख्य तुळईवर, त्यांनी चिमटा दाबला. काटा नवावर थांबला.

सोळा, ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचीच तिला लाज वाटली.

बाबांचा अंगठा खळगीवर गेला आणि तिथंच राहिला. छपराचा सुटलेला पत्रा वाऱ्यानं वाजत होता. त्यांनी हात उचलावा, पुढे सरकावं, एवढंच ती मनात घोकत राहिली.

"परत वाच," ते म्हणाले.

"वाचलं ना बाबा. पुढे चला."

"ते माझ्यासाठी वाचलंस. आता यात बसणाऱ्यांसाठी वाच."

तिचे डोळे भरून आले. काटा दिसेना, आणि दिसायची गरजही नव्हती.

"नऊ," ती म्हणाली. "बाबा, नवे पंख व्हायला दहा वर्षं लागतील हो."

"मग उशीर कशाला करता?"

त्यांनी खिशातून लाल खडू काढला. बाद जागेवर फुली मारायची. पण खडू जागेवर टेकवायला हात पुढे होईना. तिनं त्यांचं मनगट धरलं, आणि फुली दोघांनी मिळून मारली.