टेकूंमधलं लग्न

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत नवरा आणि मी सलग दिसत नाही. मध्ये कुठेतरी लोखंडी टेकू उभा आहेच. त्याला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या, त्यामुळे लांबून तो नटूनथटून आलेला एखादा उंच नातेवाईक वाटतो. याला जबाबदार माझे पप्पा.

पप्पा सिव्हिल इंजिनीअर. नोकरीत त्यांनी पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधल्या, उरलेला सगळा वेळ चर्चला दिला. वसईतल्या आमच्या गावात त्यांना विचारल्याशिवाय चर्चच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकला जात नसे. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सा चालू असताना, ते डोळे अर्धवट मिटून मान वर करून बसत. आई मला कोपराने ढोसून विचारायची, "प्रार्थना करतायत की छताची गळती शोधतायत?" दोन्ही चालू असायचं, अशी माझी खात्री आहे.

चर्चचा नवा हॉल बांधायचं ठरलं तेव्हा नकाशाही त्यांचा आणि देखरेखही त्यांचीच. त्या हॉलमधलं पहिलं लग्न माझं, हे फादरनी आणि पप्पांनी परस्पर ठरवून टाकलं. मी खूश होते. गावातली सगळी लग्नं मी मांडवात घाम पुसत पाहिली होती, आणि मला डोक्यावर पंखे हवे होते.

स्लॅब मे महिन्यात ओतला. काँक्रीटचा मिक्सर वालीवहून आला, बाकी सगळं गावाचं श्रमदान. घमेली हातोहात वर चालली होती, बायका सरबत वाटत होत्या. अर्धा स्लॅब झाला आणि संध्याकाळची घंटा वाजली. मे हा मरियामातेचा महिना. रोज संध्याकाळी गावच्या क्रुसाजवळ जपमाळ होते, आणि पुढे उभं राहून ती म्हणणारे कोण, तर पप्पा. ते शिडीवरून उतरले, हात धुतले आणि निघाले. साहेबच निघाले म्हटल्यावर घमेली जागच्या जागी ठेवून अख्खा गाव त्यांच्या मागे. मिक्सरवाला काही ख्रिस्ती नव्हता, तरी तोही गर्दीबरोबर गेला.

जपमाळ झाली. मग आजाऱ्यांसाठी प्रार्थना, परदेशी गेलेल्यांसाठी प्रार्थना, आणि शेवटी पप्पांच्याच आग्रहाने नव्या हॉलसाठी खास प्रार्थना. ती चांगलीच लांबली. परत येऊन बघतात तर त्या उन्हाळ्यात अर्धा स्लॅब घट्ट व्हायला लागलेला. उरलेला माल त्याला लागून भरला, पण ओल्यात ओलं मिसळावं तसा तो एकजीव झाला नाही. बरोब्बर मधल्या बीमवर जोड कच्चा राहिला.

रविवारी मिस्सा संपताना पप्पा माईकजवळ गेले. "मधला जोड कच्चा आहे. चूक माझी, मी काम सोडून गेलो. चाचणी होईपर्यंत स्लॅबखालचे टेकू निघणार नाहीत."

बाहेर पडताच एका म्हातारीने त्यांना गाठलं. "जपमाळेनं स्लॅब कमजोर होतो, असं म्हणतोस तू?"

"जपमाळ पोचली, मावशी," पप्पा म्हणाले. "सिमेंट थांबलं नाही."

अर्नाळ्याची मासळीवाली आमच्या ओट्यावर पाटी उतरवून त्यांची समजूत काढायला बसली. "पानी मारत ऱ्हा भरपूर. काय होनार नाय त्याला." पाणी तर ते मारतच होते, सकाळ-संध्याकाळ, स्वतः.

चाचणी म्हणजे स्लॅबवर वाळूच्या गोण्या रचायच्या आणि तो किती वाकतो ते मोजायचं. पण काँक्रीट पुरतं पिकल्याशिवाय ती करता येत नाही, आणि माझं लग्न त्याच्या आधी. पत्रिका वाटून झालेल्या. एका संध्याकाळपुरते निदान मधले टेकू काढू, असं फादरही म्हणाले. मी घर डोक्यावर घेतलं.

"मुलीच्या लग्नात तरी इंजिनीअर बाजूला ठेवा," मी म्हणाले.

"इतर कुठल्याही दिवशी ठेवीन," पप्पा म्हणाले. "त्या दिवशी नाही."

लग्न टेकूंच्या जंगलात झालं. बँडमधला ट्रॉम्बोनवाला नळी पुढे काढायचा आणि टेकूवर आपटायचा. नाचणारी जोडपी एकमेकांना हरवून बसायची आणि गाणं संपेपर्यंत भलत्याच माणसाबरोबर सापडायची. मी पप्पांशी बोलत नव्हते, तरी त्यांनी मला हाताला धरून नाचायला नेलं. मधल्या बीमपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. त्यांचा हात थंडगार होता. तेव्हा मला कळलं की हा माणूस आज घाबरलेला आहे, आणि माझा राग तिथेच गळून पडला.

लग्नानंतर काही दिवसांनी टेकू काढून चाचणी झाली. गोण्या चढल्या, आकडे घेतले. स्लॅब ठणठणीत निघाला.

"म्हणजे टेकू उगाचच ठेवले," मी म्हणाले.

"हो. उगाचच," पप्पा म्हणाले आणि डोळे पुसत हसायला लागले. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी पप्पा गेले. दफन झाल्यावर सगळे त्याच हॉलमध्ये चहाला आले. फुलपाड्याहून, अर्नाळ्याहून, कुठून कुठून माणसं आली होती. उभं राहायला जागा नव्हती. चहाची टेबलं मधल्या बीमखालीच मांडलेली, आणि गर्दीही तिथेच. मला पप्पांची फार आठवण येत होती, म्हणून त्यांच्यासारखं वर बघणारं कुणी आहे का ते शोधत मी एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढ्या माणसांत एकानेही मान वर करून छताकडे पाहिलं नाही.