एल्विनचं बोट आणि पवनचक्कीचं अंतर

एल्विन राडेमाकरला मी इतकी वर्षं माझ्या खानावळीच्या गल्ल्यावरून कॉफी देतेय की छातीठोकपणे सांगते, या माणसाच्या डोक्यात डाव शिजूच शकत नाही. त्याला साधा पत्ता विचारा, तो दोन रस्ते सांगेल आणि वर तुम्हालाच विचारेल, "तुला कुठला बरा वाटतो?"

जन्मभर त्यानं शाळेची बस चालवली, जोडीला बीट पिकवलं. आमच्या मिशिगनच्या या कोपऱ्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता एक बोट उचलायचं, हाच आमचा रामराम. समोरच्यानंही उचललं की सगळं ठीक. बायको गेल्यापासून एल्विन त्या बोटासाठीच गावात उगाच चकरा मारायचा. घरी बोलायला होतं कोण?

टाऊनशिपच्या, म्हणजे आमच्या गावपंचायतीच्या, नियोजन मंडळावर तो आला, तो सभेला गैरहजर होता म्हणून. आमच्याकडे जो येत नाही त्यालाच निवडतात. आणि नेमकी तेव्हाच पवनचक्कीवाली कंपनी उगवली. नियम करायचा होता: चक्की घरापासून किती लांब हवी?

आयलीन कुचमार्स्कीला शेतात चक्की हवी होती. "जमीन माझी. तुम्ही कोण मध्ये पडणारे?"

तिचा शेजारी हार्लन फोल्त्स उसळला, "जमीन तुझी, पण घरघर माझ्या उशाशी!"

एल्विन दोघांकडे बघून मान डोलावत राहिला. दोघांनाही वाटलं, हा आपला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो चेहरा पाडून. "अगं लोइस, अंतर मोजायचं कुठून? खांबापासून की पात्याच्या टोकापासून? भिंतीपासून की कुंपणापासून? आणि पातं तर फिरतं!"

"मला काय विचारतोस? मी अंडी तळते."

"दोघंही बोट उचलतील असं अंतर हवंय गं."

"तसलं अंतर अजून जन्माला यायचंय, बाबा."

पण पठ्ठ्यानं काढलं. आयलीननं सुचवलेल्या आणि हार्लननं मागितलेल्या आकड्यांच्या बरोबर मधलं. शेजाऱ्यांच्या प्रत्येक घरापासून तितकं लांब. ज्याची चक्की त्याच्या घराला मात्र सूट. मंडळाला घरी जायची घाई होती. मंजूर!

नकाशा आधी काढावा हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. नंतर काढला. प्रत्येक घराभोवती एक गोल. गोलात गोल अडकले, आयलीनचं शेत त्यांत बुडालं, आणि अख्ख्या टाऊनशिपमध्ये चक्कीला एकच जागा उरली. एल्विनचं बीटचं शेत.

"वा रे वा!" आयलीन माझ्या दुकानातच कडाडली. "तोंडावरची माशी हलत नाही, आणि करणी बघा!"

एल्विननं त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसाला तोंडावर नकार दिला. वाटलं, आता तरी मिटेल. कसलं काय! हार्लन म्हणाला, "भाव वाढवतोय." आयलीन म्हणाली, "स्वतः खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना."

"लोइस, मी हो म्हटलं तर चोर, नाही म्हटलं तर महाचोर," एल्विन कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाला. "माझं चुकलं तरी कुठे?"

मला तरी काय कळत होतं, कपाळ! मी त्याच्यापुढे दालचिनीचा बन सरकवला. त्यानं त्याला हात लावला नाही. मला त्या अख्ख्या गावाचा संताप आला.

रविवारी चर्च सुटलं. आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे होतो, गाड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. समोरून एल्विनचा जुना पिकअप हळूहळू आला. हार्लनची गाडी आली; एल्विनचं बोट वर. हार्लन नाकासमोर बघत गेला. आयलीन आली, पुन्हा बोट वर. ती आरसा नीट करत बसली. मागच्या गाड्याही तशाच गेल्या, आणि बोट आपलं वरच.

शेवटी आली कंपनीच्या माणसाची पांढरी गाडी. त्याला आमची रीत कुठली ठाऊक? काच खाली करून त्यानं अख्खा हात बाहेर काढला आणि हसून हलवला. पायऱ्यांवरच्या सगळ्या माना वळल्या.

'अरे नको, एल्विन,' मी मनात म्हणत होते, 'बघू नकोस, पुढे जा.'

पण किती दिवसांत त्याला कुणी हात केला नव्हता. त्यानं स्टिअरिंग सोडलं, खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिला.