नंदुरबारहून ताराअक्काला आणताना घासलेली चाकं

माझी मोठी बहीण ताराअक्का नंदुरबारला एकटी राहायची. कंबरेचं हाड मोडलं, जुळलं, पण चालणं गेलं. मी किती वर्षं म्हणतेय बडोद्याला ये, आणि तिचं एकच, "मी कुणाच्या घरी ओझं होणार नाही." दिवाळीनंतर एकदाची हो म्हणाली. तिचं हो संध्याकाळपर्यंत टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो.

गाडी माझ्या मुलाची, सुधीरची. वय चोपन्न. कारखान्यातून लवकर निवृत्त झाला आणि जुनी जीप घेतली. गेल्या आठवड्यात तिला स्पेसर बसवले. म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती. चाकं बाहेर येतात, गाडी फेंगडी उभी राहते. सुधीरला तो रुबाब वाटतो. एकट्याने एक चक्कर मारून त्याने ते पसंतही केले. सून मीना म्हणाली, "बघा आई, ह्यांच्यासारखीच पोट काढून उभी आहे."

बडोद्यातल्या मांडवीतून उजाडताना आम्ही तिघं निघालो. डभोईला गाडी थांबली. मला वाटलं चहा. हा पान्हा घेऊन चाकाशी बसला.

"आता काय?"

"नवीन आहेत ना आई, थोडं चाललं की नट परत आवळावे लागतात."

"नाही आवळले तर?"

"चाक सैल होतं."

"आणि हे तू पैसे देऊन बसवून घेतलंस!"

पोइच्याच्या पुलावर नर्मदा ओलांडली. राजपीपळ्याला मेथीचे गोटे, म्हणजे गुजराती भजी, खाल्ले. गोटे गरम होते, चहा म्हणजे साखरेचा पाक. पोटाची काळजी असेल तर घरून डबा न्या. पुढे देडियापाड्याकडे डोंगर लागतो, वळणावर वळण. खोटं कशाला बोलू, तिथे गाडी पूर्वीसारखी कलंडली नाही. पण स्टिअरिंग जड झालंय, सागबाऱ्यापर्यंत सुधीर मनगटं चोळायला लागला. चाकं बाहेर आल्यामुळे ट्रॅक्टरने सांडलेला चिखल थेट माझ्या खिडकीवर. काच लावली तर उकाडा, उघडली तर चिखल.

नंदुरबारला पोचलो तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, शिंका देत देतच आत शिरलो. अक्काच्या घरी जमिनीवर पाठ टेकली आणि भात न खाताच झोपले.

सकाळी सामान भरलं. दोन ट्रंका, मिरच्यांचं पोतं, गादी, शिवणयंत्र आणि पाटा-वरवंटा. तो ठेवून चल म्हटलं तर अक्का म्हणाली, "मग मलाही ठेव." मागच्या सीटवर मी आणि ती, मध्ये उशा.

तळोद्याच्या अलीकडे पहिला खड्डा आला आणि मागून आवाज आला, खर्रर्र.

"माझ्यामुळे का रे?" अक्काने विचारलं.

"नाही मावशी. रस्ताच खराब आहे."

पुढचा खड्डा, परत खर्रर्र. रबर जळल्याचा वास आला. अक्काने दाराची मूठ घट्ट धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कमल, मला परत सोडा. गाडीलासुद्धा जड झाले मी."

म्हणे रस्ता खराब! येताना हाच रस्ता होता.

"सुधीर, खरं काय ते तिला सांग. नाहीतर मी पण तिच्याबरोबर उतरते."

 त्याने गाडी हळू चालवत अक्कलकुव्याला पंक्चरच्या दुकानापाशी आणली, उतरला आणि अक्काच्या बाजूचं दार सताड उघडलं.

"मावशी, इकडे बघा. चाकं मी बाहेर काढलीत. रिकाम्या गाडीत चालून जातं. वजन आलं की गाडी खाली बसते आणि टायर वरच्या पत्र्याला घासतो. चूक माझी आहे. तुमच्या जागी तांदूळ भरले असते तरी घासला असता."

पंक्चरवाला वाकून बघत म्हणाला, "काका, हे कशाला लावलं? स्टाइलला?"

"हो ना," अक्का म्हणाली. "मुलगी बघायला चाललाय."

मीना इतकी हसली की पाण्याची बाटली सांडली. सुधीर कानापर्यंत लाल. जॅक मागून घेतला, मागच्या दोन्ही चकत्या काढल्या, चाकं परत जागच्या जागी बसवली. टायरची कड सोलून निघाली होती. चकत्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवल्या, पुढचा सगळा रस्ता त्या नडगीला लागत राहिल्या. पण आवाज नाही. डोंगर लागायच्या आत अक्का तोंड उघडं टाकून झोपली.

तुम्हाला स्पेसर बसवायचे असतील तर माझं एवढंच ऐका. एकट्याने, रिकाम्या गाडीतून हिंडायचं तर बसवा. गाडी वळणावर टिकते, दिसायला रुंद दिसते. बेअरिंग लवकर झिजतं म्हणतात, तो खर्च तुमचा. पण घरची माणसं न्यायची असतील तर आधी सगळ्यांना सामानासकट बसवा, खड्ड्यातून फिरवा, मग ठरवा. आमच्या जीपच्या पुढच्या दोन चकत्या अजून तशाच आहेत. "पुढे वजन नसतं," असं सुधीर म्हणतो. भांडायला माझ्यात त्राण नाही.

आज सकाळी आमच्या घरी अक्काने डोळे उघडले आणि म्हणाली, हा पलंग चुकीच्या जागी लावलाय, खिडकीशी सरकवा, पंखा नाकावर येतो, आणि चहा कुणी केला हा? पाहुणी असती तर गप्प पडून राहिली असती. मी मीनाला हाक मारली आणि दोघींनी पलंग ओढला.